सराफी खुणा (नाणकशास्त्र)

सराफी खुणा : जुन्या नाण्यांवर, विशेषतः मोगल घडणीच्या चांदीच्या रुपयांवर, सराफांनी खासगीरीत्या उमटवलेले लहान ठसे. हाती आलेल्या रुपयाचे वजन आणि कस पाहून तो खरा ठरला, की सराफ त्यावर बारीक ठशाने फूल, चांदणी, चंद्रकोर, ठिपके किंवा एखादे अक्षर मारत असे. त्यामुळे बरीच वर्षे चलनात राहिलेल्या रुपयावर अनेक पेढ्यांच्या खुणा दाटीने आढळतात. आहत नाण्यांच्या (चिन्हांचे ठसे मारून घडवलेल्या प्राचीन नाण्यांच्या) मागील बाजूवरील बारीक चिन्हेही काही अभ्यासक सराफांचीच मानतात.

अठराव्या शतकात टाकसाळी अनेक होत्या आणि प्रत्येकीच्या रुपयाचा भाव वेगळा. बंगालमध्ये चालू सालचा सिक्का रुपया पूर्ण किमतीला चाले, जुन्या सालच्या रुपयाला बट्टा बसे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने मोगल बादशहा शाह आलम दुसरा याचे १९ वे जुलूस वर्षच (राज्यारोहणापासूनचे वर्ष) ठशांवर कायम ठेवले, ते याच कारणाने. अशा बाजारात सराफाच्या पारखीवाचून मोठा व्यवहार होणे कठीण होते. १८३५ साली १८० ग्रेनचा (सुमारे ११.६६ ग्रॅम) एकसारखा रुपया यंत्रावर पाडला जाऊ लागला आणि या खुणांची गरज ओसरत गेली.

खूण ओळखताना पहिला प्रश्न ती उठावाची की खोलगट, हा. टाकसाळीचे चिन्ह मूळ ठशातच कोरलेले असते, म्हणून ते नाण्यावर उठून दिसते. मराठी मुलखातील अंकुशी रुपयावरचा अंकुश असाच मूळ ठशातला आहे. त्याला सराफी खूण म्हणणे चूक, तरी विक्रीच्या वर्णनांत ही गल्लत होते. सराफी खूण वरून ठोकलेली असल्याने खोल जाते, तिच्याभोवती धातू किंचित सरकतो आणि कधी मागच्या बाजूची अक्षरे त्या जागी चपटी होतात. छिन्नीचा सरळ घाव आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी घातलेला असतो. खुणेच्या तळाशी आणि कडांवर उरलेल्या नाण्यासारखाच काळसरपणा हवा. जुन्या झिजलेल्या रुपयावर खूण तेवढी लखलखीत व धारदार असेल, तर ती अलीकडची असण्याचा संशय घ्यावा.

राजसत्तेने मारलेला दुबार ठसा हा वेगळा विषय आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली शक क्षत्रप (राजा) नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली; त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. तो विजयाचा पुरावा आहे. सराफी खुणेमागे अशी सत्ता नसते, फक्त पेढीची पत असते.

बाजारात सराफी खुणा असलेला रुपया स्वच्छ रुपयापेक्षा सामान्यतः स्वस्त जातो. मात्र खुणा किती आहेत यापेक्षा त्या कुठे बसल्या आहेत, हे आधी पाहावे. मोगल रुपयाचा ठसा चकतीहून मोठा असे. म्हणून टाकसाळीचे नाव किंवा हिजरी साल मुळातच अर्धवट उमटते. त्या उरलेल्या अक्षरांवरच खूण बसली, तर किंमत बरीच पडते. मोकळ्या जागेतल्या दोन-तीन खुणांनी तेवढा फरक पडू नये. औरंगजेबाच्या सुरत टाकसाळीचा रुपया विपुल मिळतो, त्यामुळे खुणांनी भरलेला असा रुपया चांदीच्या भावाच्या आसपासच राहतो. दुर्मिळ टाकसाळीचे नाव स्पष्ट वाचता येत असेल, तर खुणा असूनही संग्राहक चांगली किंमत मोजतात. चिनी व्यापाऱ्यांचे ठसे असलेल्या स्पॅनिश आणि अमेरिकी डॉलरांचे तर खास संग्राहक आहेत. आपल्याकडच्या खुणांची सूची पेढीवार व गाववार झाली, तर त्यांनाही असे मोल येईल, कारण हुंडीचे कागद जिथे नष्ट झाले तिथे व्यापाराच्या वाटा दाखवायला या खुणा उरल्या आहेत.

खूण आहे म्हणून नाणे अस्सल, असे मात्र धरू नये. बनावट नाण्यावरही खुणा मारता येतात. सुमारे ११.४ ग्रॅमचा चांगल्या चांदीचा रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवून तोलला, तर वजन साधारण १.१ ग्रॅमने कमी भरते. घट यापेक्षा बरीच जास्त आली, तर धातू हलका आहे. नाणे चिंच, लिंबू किंवा पावडरीने घासू नये. खुणेतला जुना थर निघून गेला की तिचे वय ठरवण्याचा आधारच जातो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात व ती परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाहीत.