ताप नाही, मग न्यूमोनिया कसला?

‘अंगात ताप नाही, म्हणजे न्यूमोनिया नाही’ हा समज घरोघरी पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला गंभीर न्यूमोनिया झाला तरी थर्मामीटर नॉर्मल दाखवू शकतो. कधी तर अंग उलट गार पडतं. खोकलाही जेमतेम. दिसतं ते इतकंच, की कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलतायत, जेवण नको म्हणतायत. ‘वयामुळे होतं’ म्हणून आपण सोडून देतो, आणि घोळ तिथेच होतो.

त्यापेक्षा श्वास मोजा. घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट, छाती किती वेळा वर येते ते बघा. (मोजतोय हे त्यांना सांगू नका, लय बदलते.) मोठ्या माणसात मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास ही गंभीर खूण. शिवाय भ्रम, वरचा रक्तदाब ९०च्या खाली किंवा ऑक्सिजन घसरलेला असेल, तर थेट हॉस्पिटल.

तिथे एक्स-रे, रक्ततपासण्या होतात. गंभीर रुग्णाला सहसा दोन अँटिबायोटिक्स एकत्र देतात. कल्चरच्या (कफ किंवा रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून ठेवत नाहीत. घरात उरलेली अर्धी स्ट्रिप मात्र आधी सुरू करू नका, मग कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं.