कळणे आणि वळणे

योग्य काय ते ठाऊक असूनही हातून तसे न घडणे. ‘कळते पण वळत नाही’ या रूढ वाक्प्रचारातून ही संकल्पना मराठीत व्यक्त होते. ग्रीक संज्ञा अक्रासिया. तिच्यासाठी योजला जाणारा ‘इच्छादौर्बल्य’ हा शब्द अपुरा वाटतो. ‘वळणे’चे नाते ‘वळण’ म्हणजे सवयीशी आहे, आणि दोष ज्ञानात नसून सवयीत आहे हे त्यातून आपोआप सूचित होते.

या संदर्भात ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः’ (धर्म मला कळतो, पण त्याकडे माझी प्रवृत्ती होत नाही) हा श्लोक दुर्योधनाच्या तोंडी सर्रास उद्धृत केला जातो. तो महाभारतातला असल्याचा समज मात्र टिकत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत तो नाही. तो पांडवगीता ऊर्फ प्रपन्नगीता या बहुधा उत्तरकालीन स्तोत्रसंग्रहात येतो. त्याच्या उत्तरार्धाचे पाठही भिन्न आहेत. प्रचलित पाठात हृदयस्थ देव करवील तसे मी करतो, असे म्हणून कर्तृत्वच झटकलेले आहे. म्हणून या संकल्पनेचे प्रमाणवचन म्हणून भगवद्गीतेतील अर्जुनाचा प्रश्न (३.३६) अधिक ग्राह्य ठरतो : इच्छा नसताना, जणू बळजबरीने, माणूस पाप का करतो? उत्तरात काम आणि क्रोध यांकडे बोट दाखवले आहे.

जाणून-बुजून कोणी वाईट निवडत नाही, असे प्लेटोच्या संवादातील सॉक्रेटिस म्हणतो. ॲरिस्टॉटल हे अनुभवाविरुद्ध मानतो. त्याच्या मते असे ज्ञान मद्यधुंद माणसाने म्हटलेल्या कवितेसारखे असते : ओठांवर असते, अंगी मुरलेले नसते.

मुंबईत याचे नित्याचे उदाहरण म्हणजे पादचारी पूल असताना रूळ ओलांडणे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हार्बर मार्गावरील वडाळा येथे २०१० च्या सुमारास वेगळा उपाय करून पाहण्यात आला. गाडीचा वेग नजरेला कळावा म्हणून रुळांखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवले, भोंग्याची पद्धत बदलली आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. पिवळ्या स्लीपरांमागे, मोठी वस्तू असते त्याहून संथ भासते, हे गृहीत होते. तेवढ्यापुरता हा प्रश्न वळण्याचा नसून कळण्याचाच ठरतो. घाईत जिना टाळून फलाटाच्या टोकाशी उतरणाऱ्याला मात्र हे स्पष्टीकरण लागू पडत नाही.