रिट्रीट म्हणजे कॅथलिकांची विपश्यना नव्हे

सुट्टीच्या अर्जावर ‘रिट्रीट’ लिहिलं की आमच्या ऑफिसात कोणीतरी विचारतंच, ‘म्हणजे विपश्यनाच ना भाऊ, तुमची?’ त्यांचं मी मनावर घेत नाही; रिट्रीट म्हणजे आम्हा कॅथलिकांचा देवासोबत प्रार्थनेत घालवायचा एकांत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? पण हल्ली रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलच्या आवारात आपलीच माणसं सांगतात, ‘यंदा घरीच रिट्रीट केली. फोन बंद, मौन, मन एकदम रिकामं करून टाकलं.’ तिथे मात्र माझी सटकते.

विपश्यना काय असते हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. ओळखीतला एखादा तरी माहुरझरीच्या धम्म नाग या विपश्यना केंद्रात जाऊन आलेला असतो. पहाटे चारची घंटा, आधी तीन दिवस आनापान, म्हणजे नुसतं श्वासाकडे लक्ष, चौथ्या दिवशी विपश्यना, दहाव्या दिवशी मौन सुटणार. मीही दहा दिवस बसून आलोय आणि त्या शिस्तीबद्दल मला आदरच आहे. जेवण कितीदा, उठायचं कधी, जमिनीवर बसायचं की खुर्चीवर, हे फरक मोजण्यात वेळ घालवू नका. रिट्रीटला खुर्चीवर बसा, दोनदा चहा घ्या, काही बिघडत नाही.

घोळ होतो तो एकाच जागी. डोळे मिटून बसल्यावर आत जे उठतं, त्याचं करायचं काय?

विपश्यनेचं उत्तर सरळ आहे. गुडघ्यातली कळ असो की अंगभर पसरलेली सुखद लहर, दोन्ही अनित्य. समतेने पाहा, प्रतिक्रिया देऊ नका. म्हणून तर तिथे जप, प्रार्थना, मूर्तीचं ध्यान हे सगळं दहा दिवस बाजूला ठेवायला सांगतात. वही-पेनसुद्धा.

रिट्रीटमध्ये आत उठलेली गोष्ट म्हणजे आलेली चिठ्ठी. ती फोडून वाचायची. कुठून आली, मला कुठे ओढून नेतेय, हे बघायचं आणि मग ज्याच्यासमोर बसलोय त्याच्याशी त्यावर बोलायचं. म्हणून इथे वही लागतेच.

याचं मूळ एका मोडक्या पायात आहे. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून जायबंदी झालेला इग्नेशियस, पुढे येशूसंघ स्थापणारा संत, लोयोला गावच्या आपल्या घरी कित्येक महिने पडून होता. कधी पराक्रमाच्या आणि एका सरदारघराण्यातल्या बाईच्या स्वप्नांत तासन्‌तास रमायचा, कधी ख्रिस्ताचं नि संतांचं चरित्र वाचून आपणही तसं जगावं असं मनात आणायचा. रमताना दोन्ही गोडच. पण पहिल्यानंतर मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं. मागे उरणारी ही चव त्याने ओळखली आणि तिच्यावर विश्वास ठेवला. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या त्याच्या पुस्तकातल्या ‘आध्यात्मिक साधना’ मोठ्या प्रमाणात त्या चवीच्या पारखेवरच उभ्या आहेत.

कल्पनाशक्तीचंही तसंच. इथे ती दाबायची नाही, कामाला लावायची. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तिमय घ्या. यरीहोचा रस्ता नजरेसमोर येत नसेल तर मे महिन्यातला वर्धा रोड आणा: तापलेली धूळ, गर्दी, ‘गप बस’ म्हणून दटावणारे लोक. येशू थांबतो आणि विचारतो, तुला माझ्याकडून काय हवंय? आता उत्तर बार्तिमयाने नाही, तुम्ही द्यायचं. शब्द सापडेपर्यंत तिथेच बसा. पुढच्या उताऱ्याकडे पळायची घाई नको.

माझी पहिली घरची रिट्रीट याच गोंधळात वाया गेली. घरचे गावी गेलेले, कूलर घुमतोय, मी एकटा. सारखा थोरल्या भावाचा राग येत होता, वडिलांच्या आजारपणातल्या खर्चावरून. प्रत्येक वेळी ‘आला, आता जाईल’ म्हणत मी श्वासाकडे वळलो. रविवारी रात्री मन अगदी शांत, आणि भावाशी अबोला जसाच्या तसा. पुढल्या वर्षी तोच राग घेऊन येशूसमोर बसलो आणि शिव्यांसकट सगळं ओकलो. पाऊण तासात कळलं की भांडण पैशाचं नव्हतंच. शेवटच्या रात्री वडिलांनी हाक मारली होती ती त्याला, मला नाही.

‘आपली आपण’ रिट्रीट म्हणजे वेळ, जागा आणि उतारे आपण ठरवायचे, एवढंच. न्यायाधीशही आपणच, असं नाही. आधी एकदा आणि नंतर एकदा एखाद्या फादरांशी किंवा सिस्टरांशी अर्धा तास बोला. चिठ्ठी चुकीची वाचली असेल तर दुसऱ्याला ती पटकन दिसते. पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, तर स्वतःचं स्वतः होतच नाही, ते शनिवारीच उरका. आणि रविवारी दुपारी मन खचलं असताना नोकरीचा राजीनामा लिहू नका. उदासीच्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसचा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

वेळ नाही, ही सबब मला पटत नाही. कामधंद्यात अडकलेल्यांसाठी इग्नेशियसने त्याच पुस्तकातल्या एकोणिसाव्या सूचनेत रोज दीड तासाची सोय करून ठेवलीच आहे. नोकरी चालू, साधनाही चालू. शिवाय आपलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स! १६०९ साली त्यांनी खास संसारी माणसांसाठी पुस्तक लिहिलं. पहिल्या भागात दहा चिंतनं, आणि पाचवा अख्खा भाग वर्षातून एकदा मनाची झाडाझडती कशी घ्यावी यावर. बिशपने मठवासी संन्याशासारखं एकांतात राहायचं ठरवलं तर ते हास्यास्पद होईल, असं तेच म्हणतात. एवढं दाराशी असताना लोक यूट्यूबवर सलग सहा प्रवचनं ऐकतात आणि त्याला रिट्रीट म्हणतात. ते प्रवचनमालेचं श्रवण झालं. चांगलंच आहे, पण दिवसभर दुसराच बोलत राहिला तर तुम्ही कधी बोलणार?

शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ पुरे. चार बैठका, प्रत्येकी पाऊण तास, एका बैठकीला एकच उतारा. उठल्यावर पंधरा मिनिटं वही: कुठे जीव रमला, कुठे टाळाटाळ केली. पहाटे सेमिनरी हिल्सवर एक फेरी, कानात काही न घालता. मधे मिस्सा. नऊ दिवसांचं नोव्हेना, म्हणजे रोजच्या ठरावीक प्रार्थना, एका दिवसात कोंबू नका, पुस्तकांची चळतही नको. एक बायबल बास. मी आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, बसतो. ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत येतो तोवर नागपूरची दुपार बसूच देत नाही.

ऑफिसात पुन्हा विचारलं तर हल्ली सांगतो, ‘तुम्ही दहा दिवस गप्प बसायला जाता, मी एक दिवस बोलायला चाललोय.’ ‘कोणाशी?’ असा प्रश्न लगेच येतोच. मग दोन चहा सांगावे लागतात.