मायक्रोकंट्रोलरवर चालणारा केबल टेस्टर

अनेक तारांच्या केबलची जोडणी ठरल्याप्रमाणे झाली आहे की नाही, हे आपोआप तपासणारे छोटे उपकरण. मल्टिमीटरचा बझर एका वेळी एकाच जोडणीचे सांगतो. आठ तारांची केबल सलग आहे का, हे पाहायला आठ मापे पुरतात; पण कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकलेल्या नाहीत याची खात्री करायला आणखी २८ जोड्या तपासाव्या लागतात. हाताने काम करताना टाळाटाळ होते ती नेमकी इथे. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी चिप, हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकते.

मूळ युक्ती साधी आहे. केबलच्या दोन्ही टोकांना प्रत्येक तारेसाठी एकेक पिन द्यायची. सगळ्या पिना इनपुट ठेवून त्यांचे अंतर्गत पुल-अप रोधक (पिनला ५ व्होल्टकडे खेचून धरणारे) चालू करायचे, म्हणजे मोकळी पिन ‘१’ वाचते. मग एकच पिन आउटपुट करून शून्य व्होल्टवर आणायची आणि बाकीच्या वाचायच्या. जिथे ‘०’ दिसला तिथे जोडणी आहे. ती पिन पुन्हा इनपुट करून पुढची घ्यायची. एका वेळी एकच आउटपुट, हा नियम मोडू नये. एक पिन ५ व्होल्टवर, दुसरी शून्यावर आणि केबलमध्ये नेमका शॉर्ट असेल, तर पिना जळू शकतात; एटीमेगा३२८पी या चिपची कमाल मर्यादा पिनमागे ४० मिलिअँपिअर आहे. पुल-अप न लावल्यास मोकळी पिन तरंगते आणि नुसता हात जवळ नेला तरी तिचे वाचन बदलते.

आठ तारांसाठी १६ पिना लागतात. याच चिपच्या आर्डुइनो उनो या बोर्डावर २० आहेत, तेव्हा संगणकाशी बोलणाऱ्या सिरियलच्या दोन आणि आयस्क्वेअरसी (दोन तारांवर चालणाऱ्या) डिस्प्लेच्या दोन सोडल्या की हिशेब बरोबर जुळतो. जास्त तारांसाठी एमसीपी२३०१७ सारखी विस्तारक चिप लावतात. मात्र तिच्या नव्या डेटाशीटनुसार जीपीए७ आणि जीपीबी७ या पिना फक्त आउटपुटसाठी वापरायच्या असतात, त्यामुळे या कामाला १६ पैकी १४च धराव्यात.

वाचनांतून १६ × १६ चा तक्ता तयार होतो. तो ३२ बाइटांत मावतो. चांगल्या केबलचा तक्ता ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या मेमरीत) साठवून पुढच्या प्रत्येक केबलची तुलना त्याच्याशी करणे सर्वांत सोयीचे. कारण ‘बरोबर’ काय, हे केबलनुसार बदलते. नेटवर्क केबलमध्ये तारा लावायचे टी५६८ए आणि टी५६८बी असे दोन ठरलेले क्रम आहेत; एका टोकाला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा असेल, तर १ ची तार ३ वर आणि २ ची ६ वर जाते. क्रॉसओव्हर केबलमध्ये हे हवेच असते, सरळ केबलमध्ये मात्र तो दोष ठरतो. नमुन्याचीच केबल सदोष असेल तर टेस्टर तो दोष इमानेइतबारे शिकतो, म्हणून पहिला तक्ता माणसाने स्वतः वाचावा.

केबल लांब असली की तारांमधली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) आडवी येते. १०० मीटर नेटवर्क केबलच्या जोडीत ती सुमारे ५ नॅनोफॅरड असते. ५० किलोओहमच्या पुल-अपबरोबर कालांक, म्हणजे तारेचे व्होल्ट वर यायला लागणाऱ्या वेळेचे माप, पाव मिलिसेकंद होतो. आधीची तार वर येण्यापूर्वीच पुढचे वाचन घेतले तर नसलेला शॉर्ट दिसतो. प्रत्येक पायरीनंतर एक-दोन मिलिसेकंद थांबले की हे भूत जाते.

मात्र असा टेस्टर जोडणीचा नकाशा दाखवतो, जोडणीचा दर्जा नाही. एटीमेगाचा पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो आणि ५ व्होल्टवर दीड व्होल्टच्या खालचे सारे ती चिप ‘०’ समजते. परिणामी वाटेत ८ किलोओहमचा गंजका सांधा असला तरी तार ‘ठीक’ ठरते. बाहेरून १ किलोओहमचा पुल-अप लावला की ही सूट साधारण ४०० ओहमवर येते. याहून बारीक पारख हवी असेल तर अॅनालॉग इनपुटने व्होल्टता मोजावी. नेटवर्क केबलमधली फुटलेली जोडी तर कोणत्याच डीसी तपासणीत सापडत नाही. दोन्ही टोकांना १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या लावल्या, तर प्रत्येक तार आपल्या जागी पोहोचते आणि टेस्टर हिरवा दिवा देतो. प्रत्यक्षात ३ आणि ६ या तारा एकाच पिळातल्या हव्यात. त्या वेगळ्या पिळांत गेल्याने क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपणे) वाढतो. इन्सुलेशनची ताकदही ५ व्होल्टने कळत नाही. ते काम मेगरचे, म्हणजे जास्त व्होल्टने इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणाचे.

अधूनमधून सुटणारी जोडणी पकडायची तर तपासणी सतत चालू ठेवून कनेक्टरपाशी केबल हलवावी. क्षणभराचा तुटकपणा डिस्प्लेवर डोळ्याला दिसत नाही, म्हणून एकदा दिसलेला दोष बटण दाबेपर्यंत धरून ठेवणारा प्रोग्राम लिहावा. केबलच्या दोन्ही बाजू आधी सोडवून घ्याव्यात. पॉवर ओव्हर इथरनेटच्या (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या पद्धतीच्या) तारांवर सुमारे ४८ व्होल्ट असू शकतात. प्रत्येक पिनला १०० ओहमचा रोधक मालिकेत जोडल्यास स्थिर विजेच्या झटक्यापासून काहीसा बचाव होतो, ४८ व्होल्टपासून नाही.

भिंतीतून गेलेल्या केबलचे दुसरे टोक टेस्टरपर्यंत येत नाही. अशा वेळी तिकडच्या प्लगमध्ये एक तार सामायिक धरून बाकी प्रत्येक तार तिच्याशी वेगवेगळ्या किमतीच्या रोधकाने जोडतात आणि अलीकडून मोजलेल्या व्होल्टतेवरून तार ओळखतात. सामायिक तारच तुटलेली असेल तर सगळ्याच तारा तुटलेल्या दिसतात. मग प्लगमध्ये दुसरी तार सामायिक धरून पुन्हा मोजावे लागते.