गिअरबॉक्सच्या केसिंगमधील सूतभर फट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका गॅरेजमध्ये गेल्या उन्हाळ्यात पाच गिअरच्या मोटारीचा गिअरबॉक्स पुन्हा जुळवला जात असताना मी शेजारी उभा होतो. गाडी गगनबावड्याच्या रस्त्यावर नेहमी धावणारी. करूळ घाट उतरताना तिसरा गिअर टाकला की करकर आवाज येऊ लागल्यामुळे तिचा गिअरबॉक्स उघडावा लागला होता. नव्या सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्या), नवे बेअरिंग आणि नवे ऑइल सील बसवून झाले, केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवले, आणि त्यांच्यामध्ये सूतभर फट उरली. हाताखालच्या पोराने पाना उचलताच मिस्त्रींनी त्याला थांबवले. ‘‘बोल्टानं वडू नगंस, कान तुटंल,’’ एवढेच ते म्हणाले.

त्या वाक्यामागचे गणित सोपे आहे. ८ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट २५ न्यूटन-मीटर इतका आवळला, तर तो साधारण १५,००० न्यूटनच्या, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतक्या जोराने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांकडे खेचतो. पृष्ठभाग टेकलेले असतील तर हा जोर सर्वत्र वाटला जातो. मध्ये फट असेल, तर तो सगळा अ‍ॅल्युमिनिअमच्या त्या एका कानावर, म्हणजे केसिंगच्या कडेच्या बोल्ट बसणाऱ्या भागावर, वाकवणाऱ्या बळाच्या रूपाने येतो आणि ओतीव अ‍ॅल्युमिनिअम फारसे न वाकता तडकते.

मिस्त्रींनी त्यानंतर जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते: त्यांनी फट किती आहे ते आधी पाहिले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. कारखान्यात कोणताही भाग अगदी नेमक्या मापाचा होत नाही. प्रत्येकाला थोडी सूट दिलेली असते. शाफ्टवर गिअर, हब, स्पेसर आणि बेअरिंग मिळून ८ भाग ओळीने बसत असतील आणि प्रत्येकाच्या जाडीत ०.०३ मिलिमीटर कमी-जास्त चालत असेल, तर सगळ्या चुका एकाच दिशेने झाल्या तरी एकूण फरक ०.२४ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. प्रत्यक्षात काही भाग जाड आणि काही पातळ निघतात, त्यामुळे तो बहुधा ०.१ मिलिमीटरच्या आतच राहतो. हा उरलेला फरक भरून काढण्यासाठीच अनेक निर्माते एकाच जागेसाठी वेगवेगळ्या जाडीच्या शिम (पातळ चकत्या) आणि सर्क्लिप (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या उघड्या कड्या) देतात. सूतभर फट मात्र या सर्वांत वाईट शक्यतेच्याही तेरापट होती. म्हणजे दोष मापांच्या सूक्ष्म फरकाचा नव्हता. काहीतरी चुकीचे, उलटे किंवा अर्धवट बसले होते.

याउलट, बेअरिंग शाफ्टवर चढत नाही ही तक्रार मायक्रॉनच्या पातळीवरची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ५० मिलिमीटरच्या सर्वसाधारण बेअरिंगचे छिद्र नाममात्र मापापेक्षा १२ मायक्रॉनपर्यंत लहान असू शकते आणि त्यासाठीचा शाफ्ट मुद्दामच २ ते १८ मायक्रॉन जाड घासलेला असतो. ही घट्ट बसण हेतूपूर्वक ठेवलेली असते. सैल बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर घसरून तो झिजवते. अशा ठिकाणी हातोड्यापेक्षा उष्णता उपयोगी पडते. बेअरिंग ८० अंशांनी तापवले, तर त्याचे ५० मिलिमीटरचे छिद्र जवळपास ४८ मायक्रॉनने मोठे होते आणि ते शाफ्टवर सहज सरकते. अ‍ॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून केसिंगमधील बेअरिंगचे ८० मिलिमीटरचे घर ७० अंशांनी तापवल्यास सुमारे ०.१३ मिलिमीटर रुंद होते आणि थंड बेअरिंग त्यात आपोआप उतरते. बेअरिंगचे तापमान १२० अंशांच्या फार वर जाऊ द्यायचे नाही, आणि गॅसची ज्योत एकाच जागी धरायची नाही. प्रेस वापरायची झाली तर शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कडीवरच दिला पाहिजे. बाहेरच्या कडीवर दाबले की तो जोर गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि गाडी रस्त्यावर आल्यावर गुणगुण ऐकू येते.

सिंक्रो रिंगेचे गणित वेगळे आणि फसवे आहे. ही रिंग गिअरच्या शंकूवर घासून दोघांचा वेग एकसारखा करते, आणि त्या शंकूचा उतार साधारण ६ ते ७ अंशांचा असतो. इतक्या कमी उतारामुळे पृष्ठभाग ०.०५ मिलिमीटर झिजला, तरी रिंग नऊपट, म्हणजे जवळपास ०.४५ मिलिमीटर पुढे सरकते. नव्या रिंगेच्या आणि गिअरच्या दातांमध्ये एक मिलिमीटरच्या आसपास अंतर असते. त्यातले निम्मे असे सहज संपते. म्हणून नवी रिंग शंकूवर हाताने दाबून, फिरवून, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चहूबाजूंनी अंतर पाहिल्याशिवाय ती बसवू नये. पहिल्या-दुसऱ्या गिअरची रिंग तिसऱ्या-चौथ्यासारखीच दिसू शकते, आणि डोळ्यांवर भरवसा ठेवला की चूक तिथेच होते.

सूतभर फटीचे कारण अखेर केसिंगच्या आत सापडले. या रचनेत बेअरिंगला धरून ठेवणारी सर्क्लिप केसिंगमधल्या खाचेत असते आणि केसिंग खाली उतरवताना ती पक्कडीने पसरवून धरावी लागते. न पसरवल्यास बेअरिंगची बाहेरची कडी तिच्यावरच अडून राहते. मिस्त्रींनी केसिंग पुन्हा उचलले, बाजूचे झाकण काढून त्या छिद्रातून सर्क्लिप पसरवली आणि तळहाताने वरून हलकेच दाबले. टक् असा आवाज आला, सर्क्लिप बेअरिंगच्या खाचेत बसली आणि दोन्ही अर्धे कडेला कडा लागून मिटले. मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळले गेले, आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लावून शाफ्टची मागे-पुढे होणारी हालचाल मोजायला सुरुवात झाली.