सँडिंग बेल्टची निवड (धातूकाम आणि धार लावणं)

सँडिंग बेल्ट म्हणजे कापडी पट्ट्यावर अपघर्षक दाणे चिकटवून त्याची दोन टोकं जोडलेली, ग्राइंडरच्या चाकांवर फिरणारी गोल पट्टी. लोकं आधी ग्रिट (दाणा किती जाड-बारीक याचा आकडा) विचारतात, पण धातूसाठी त्याआधी दाणा कशाचा आहे ते बघावं लागतं, कारण लाकडाला चालणारा बेल्ट पोलादावर लगेच बोथट होतो, मग तो कापत नाही, नुसता घासतो आणि तापवतो.

अॅल्युमिनियम ऑक्साइड सगळ्यात स्वस्त, साध्या लोखंडाला आणि फिनिशिंगला ठीक. झिरकोनिया जास्त टिकतो. सिरॅमिक महाग, पण कडक पोलादावर त्याच्यासारखा दुसरा नाही, याचा दाणा झिजून गुळगुळीत व्हायच्या ऐवजी बारीक तुटत राहतो आणि दर वेळी नवी धारदार कड बाहेर येते. मात्र तो तुटायला दाब लागतो, हलक्या हाताने किंवा मंद मशीनवर वापरला तर दाणे वरून चकचकीत, गुळगुळीत होतात आणि पैसे वाया. सिलिकॉन कार्बाइड टणक पण ठिसूळ, पोलादावर लवकर संपतो.

ग्रिटचा आकडा वाढला की दाणा बारीक. पी३६ (म्हणजे ३६ ग्रिट) चा दाणा अर्ध्या मिलीमीटरहून किंचित मोठा, पी२२० चा साधारण 0.07 मिमी. आकार काढायला ३६ ते ६०, मग १२०, २२०, ४०० अशा पायऱ्या. मधली पायरी गाळली की आधीचे ओरखडे शेवटपर्यंत दिसतात, आणि ते नेमके पॉलिश झाल्यावर दिसतात.

धार लावताना खरा शत्रू उष्णता. साध्या कार्बन पोलादाची पटाशी बेल्टला लावली की टोक इतकं पातळ असतं की उष्णतेला जायला जागाच नसते, आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, आणि 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळा. कोपऱ्यावर निळा ठिपका दिसला की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, तेवढा भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही. हायस्पीड स्टील यापेक्षा बरंच जास्त सहन करतं. म्हणून धारेसाठी नवा, तीक्ष्ण बेल्ट, हलका हात, कमी स्पीड आणि शेजारी पाण्याची बादली. 100 मिमीचं चाक 2800 आरपीएमला फिरलं तर बेल्ट सेकंदाला जवळपास 15 मीटर पळतो, धारेला हे फार होतं. जुना बेल्ट बारीक ग्रिटसारखा चालतो असं म्हणतात, पॉलिशला चालेलही, धारेला मात्र तोच घात करतो.

पाठीचं कापडही बघावं. जाड, कडक कापड सपाट घासायला, पातळ लवचीक कापड गोलाईला. चाकांच्या मधल्या सैल भागावर पातं टेकवलं की बेल्ट दबतो आणि धार आपोआप फुगीर येते, कुऱ्हाडीला हे छान, रंध्याच्या पात्याला अजिबात नको. बेल्टच्या आतल्या बाजूला बाण असेल तर त्याच दिशेने चढवायचा, नाहीतर एकावर एक चढवलेला सांधा उखडू शकतो. धार बेल्टच्या चालीच्या दिशेला, म्हणजे बेल्ट पात्यापासून लांब पळेल अशी धरायची, उलटी धरली तर पातं बेल्टमध्ये घुसतं.

शेवटी धारेवर उलटलेली बारीक कड राहते, ती चामड्याच्या बेल्टवर हिरवं क्रोमियम ऑक्साइड (पॉलिशचं बारीक द्रव्य) लावून निघते, दोन-तीन हलके हात पुरे, जास्त केलं की धार गोल होते.

अॅल्युमिनियम घासलं तर दाण्यांमध्ये धातू भरून बेल्ट चोंदतो, त्याला स्टिअरेटचा (धातू चिकटू न देणारा, साबणासारखा) थर असलेला बेल्ट घ्यावा. आणि अॅल्युमिनियमची धूळ झाडल्याशिवाय त्याच मशीनवर पोलाद घासू नये, ठिणगी पडली तर ती धूळ पेटते.