तेलाचं हेझर की पाण्याचं? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रंगमंचावर धूर आणि वाफ वापरण्याची चाल जुनी आहे. १८७६ मध्ये बायरॉइटच्या ऑपेरागृहात बॉयलरची वाफ मंचावर सोडली गेली. पुढे नवसागर तापवून धूर काढला जाई, मग ड्राय आइस आला. पण त्या धुराने ढग, आग किंवा पाताळ दाखवायचं असे. प्रेक्षकाला धूर जाणवू नये, नुसता झोत दिसावा म्हणून सगळी हवाच किंचित धूसर ठेवायची, ही गरज बरीच नंतरची. अशा धूसर हवेला हेझ म्हणतात आणि ती करणाऱ्या यंत्राला हेझर. त्यात तेल वापरावं की पाण्याचं मिश्रण, कलाकारांच्या श्वासाला कोणतं कमी त्रासाचं, हा तो जुना वाद.

हेझची गरज वाढली १९८१ नंतर. त्या वर्षी एका रॉक बँडच्या दौऱ्यात आपोआप फिरणारे, रंग बदलणारे दिवे आले. १९८६ मध्ये डीएमएक्स हे दिव्यांच्या नियंत्रणाचं प्रमाणित तंत्र ठरलं आणि असे दिवे डझनांनी लागू लागले. झोत हवेत फिरताना दिसलाच नाही तर त्या दिव्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. फॉग मशीन इथे कमी पडतं. ते द्रव तापवून धुराचे लोट सोडतं आणि लोटांमागे नटही झाकला जातो. हेझला फार बारीक, सारखे पसरलेले थेंब लागतात. असे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, म्हणून मागून येणारा बीम प्रेक्षकांना सर्वांत ठळक दिसतो.

हे थेंब मिळवायचे दोन मार्ग रुळले. क्रॅकर नावाच्या यंत्रात मिनरल ऑइलमधून दाबाखालची हवा सोडून तेल न तापवताच बारीक थेंबांत फोडतात. दुसऱ्या मार्गात पाणी आणि ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांचं मिश्रण वापरतात. तेलाचं हेझ तासन्‌तास टिकतं, फ्लुइड, म्हणजे मशीनमध्ये भरायचा द्रव, थोडं लागतं. पाण्याचं लवकर विरतं, म्हणून मशीन जवळजवळ सतत चालू ठेवावं लागतं.

वाद पेटला १९९०च्या दशकात, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर. आठवड्याला आठ प्रयोग करणाऱ्या नटांनी घसा, नाक आणि छातीच्या तक्रारी मांडल्या. पहिल्या तपासणीत धूर वापरणाऱ्या नाटकांमधल्या कलाकारांना हे त्रास जास्त आढळले, पण व्यवसायजन्य दमा सिद्ध झाला नाही. २०००च्या सुमारास दुसरा अभ्यास आला आणि त्यावरून मर्यादा ठरल्या: ग्लायकॉल कोणत्याही क्षणी घनमीटरला ४० मिलिग्रॅमच्या वर नको, मिनरल ऑइल क्षणिक २५ आणि आठ तासांच्या सरासरीने ५.

आकडे नीट वाचले तर तेलावर बंदी कुठेच नाही. तरीही पुष्कळ निर्मात्यांनी तेलाचे क्रॅकर काढून टाकले आणि ‘वॉटर-बेस्ड’ म्हणजे निर्धोक असा समज घट्ट बसला. माझ्या मते निर्णय इथेच चुकला. खरा प्रश्न हवेतल्या प्रमाणाचा आणि माणूस मशीनपासून किती दूर आहे याचा होता. तो मागे पडला आणि बाटलीवरचं लेबल पुढे आलं.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडियन अभ्यासाने हे पुरेसं स्पष्ट केलं. कोरडा घसा आणि खोकला यांचा संबंध त्यात ग्लायकॉलच्या धुराशी दिसला. दीर्घकाळची घरघर आणि छाती आवळणं हे तेल आणि ग्लायकॉल दोन्हींच्या एकूण संपर्काशी जोडलेलं होतं. फुप्फुसांची क्षमता सर्वांत कमी आढळली ती मशीनच्या अगदी जवळ काम करणाऱ्यांची. विंगेत हेझरशेजारी उभा राहून क्यू देणारा माणूस यांतच येतो, आणि त्याच्या तक्रारीची बातमी सहसा होत नाही.

तेलाच्या बाजूनेही सगळं गोड नाही. त्याचा पातळ थर लेन्सवर, पडद्यांवर आणि वाद्यांवर बसतो, मंच निसरडा होऊ शकतो. ग्लिसरीनचं मिश्रण मात्र प्रमाणाबाहेर तापलं तर ॲक्रोलिन तयार होतं, जे डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतं. म्हणून हीटरचं तापमान ज्या फ्लुइडसाठी ठरवलं आहे, तेच त्यात भरायचं.

त्या मर्यादांसोबत पुढे अंतर आणि वेळेचे तक्तेही तयार झाले: अमुक मशीन इतका वेळ सोडलं तर नटाने किती फूट दूर राहायचं, किती वेळाने आत यायचं. हे तक्ते मशीन आणि फ्लुइडच्या ठरावीक जोडीसाठीच असतात. दौऱ्यात स्वस्त पडतं म्हणून दुसऱ्या कंपनीचं फ्लुइड ओतलं, की तक्त्यातले आकडे त्या प्रयोगाला लागू राहत नाहीत आणि मोजमाप पुन्हा करावं लागतं.